सात पावलांची सावली

"कांदा पिवळा पडतोय, तू ये," असं आत्याचं कार्ड आलं आणि मी कचेरीत रजा टाकून सायकल काढली. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. आज आत्याच्या महाळुंग्याला जाल तर कारखान्यांच्या भिंतीच दिसतील. तेव्हा पुण्याहून दापोडी, भोसरी, मोशी करत निवांत जायचं. भोसरीपुढचा रस्ता हाडं खिळखिळी करी, म्हणून मोशीला इंद्रायणीत पाय बुडवून बसलो. जाणाऱ्यांनी आजही बसावं. चाकणला एका आण्याचा चहा, दोन आण्यांची भजी. चहा पाणचट, भजी मात्र झकास.

मी भलताच खुशीत होतो. देवाने सृष्टी नियमाने रचली, तिच्याकडे नीट पाहिलं की चांगलं-वाईट आपोआप कळतं, असं मी कचेरीत तावातावाने सांगत असे. आत्याचा चुलतदीर गेनूभाऊ तिचं पाणी तोडतो असं मी धरूनच चाललो होतो; त्यालाही हेच सुनावून गप्प करायचा माझा बेत होता.

दोघांची विहीर सामाईक. सकाळभर पाझर साठू द्यायचा. सूर्य माथ्यावर आला की आत्याची मोट सुरू. गेनूभाऊ उन्हात उभा राहून आपली सावली पावलाला पाऊल लावून मोजी; सात पावलं भरली की आत्याने बैल सोडायचे, पुढे दिवस मावळेपर्यंत त्याची पाळी. वाडवडिलांपासून हीच रीत. पण हिवाळ्यात आत्याच्या रानात एरवी नुसती ज्वारी असे, तिला पाणी फारसं लागत नाही. यंदा पहिल्यांदाच कांदा लावला आणि पाणी पुरेना. आत्याचे यजमान, आमचे मामा, वारलेले. वर्षाची सगळी भिस्त त्या कांद्यावर होती.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी मी आत्याबरोबर विहिरीवर जाऊन थेट तोंड सोडलं. "गेनूभाऊ, बाईमाणसाच्या वाटचं पाणी तोडता, देवाला काय सांगाल?"

"म्या तोडतो? सूर्व्या देवाचा, सावली देवाची. म्या नुसती पावलं टाकतो. ह्यात लबाडी कुटं हाय, दाखवा."

माझंच तत्त्वज्ञान त्याने माझ्या गळ्यात मारलं होतं, आणि माणूस खोटं बोलत नव्हता. चिडून मी मनगटावरचं घड्याळ काढलं, पाळ्या ह्यावर लावा म्हणालो.

"ते तुझ्यासंगं पुण्याला जाणार," आत्या म्हणाली. "गप बस जरा." मग ती त्याच्याकडे वळली. "भावजी, सूर्य माथ्यावर हाय न्हवं? आत्ता मोजा."

त्याने मोजली. साडेपाच.

"वैशाखात ह्या वक्ताला सावली पायाखाली असती. तवा सात पावलं हुईस्तोवर माजे वीस वाफे भिजायचे. आता अकरा. बैल त्येच, मोट तीच. सूर्व्या देवाचा, मान्य. पर सात पावलं तुमच्या आज्यानं ठरवली, ती बी उन्हाळ्यात."

गेनूभाऊ वाफ्यांकडे गेला, खाली बसून कांद्याची पिवळी पात बोटांनी चाचपली. परत आला तो ओंजळभर खडे घेऊन.

"वैनी, माज्या ध्यानातच आलं न्हाई. आजपासनं दर मोटेला एक खडा. जेवढं तुमचं, तेवढंच माजं."

त्या दुपारी विसावा वाफा भिजला तेव्हा मी चिखलात अक्षरशः नाचलो. इतकी मोठी जीत मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही, आणि ती आत्याने एकटीने मिळवली होती. माझा वाटा फक्त आरडाओरड्याचा.

पुण्यापर्यंत सायकलवर मोठ्याने गात आलो. कचेरीत सरळ कबूल केलं: सृष्टी देवाची असेलही, पण शेजारणीचे वाफे ती मोजत नाही. ते आपणच वाकून पाहावे लागतात. मंडळींनी महिनाभर माझी टर उडवली. मला त्याचं काही वाटलं नाही.

वैशाखात आत्याचं पुन्हा कार्ड आलं. कांदा छान निघाला होता. खाली लिहिलं होतं: "गेनूभावजी सोता म्हनले, वैनी, आता पावलं मोजा, तुमचा फायदा हाय. मी म्हनलं, तुमच्या बैलांच्या कडवळाला उन्हाळ्यात तान लागत न्हाई व्हय? आन् खडे म्होरं केले."