पुस्तक एकटीनं शोधून आणावं

आमच्या एम.ए.च्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप एरवी मेलेला असतो. कोणाचा वाढदिवस आला की चार केक पडतात, पुन्हा सामसूम. पण कोणी नुसतं 'स्टॅक रूम' एवढं लिहिलं, की मोबाईल गरम होईस्तोवर मेसेज येत राहतात. प्रत्येकाकडे एक तरी किस्सा आहेच. माझ्याकडे जास्त आहेत. घाबरट माणसाला जास्त दिसतं, असं माझी मैत्रीण शबाना म्हणते. तिचं म्हणणं खरं असावं, अशी माझी फार इच्छा आहे.

आधी स्टॅक रूम काय ते सांगते. आमच्या लायब्ररीत पुढे रीडिंग हॉल, आणि मागे लोखंडी दारापलीकडे जुन्या पुस्तकांची लांबलचक खोली. कॉलेज होण्याआधी तिथं कापसाचं गोदाम होतं. कापूस गेला, पण भिंतींची आवाज गिळायची सवय गेली नाही. आत आपलीच चप्पल आपल्याला ऐकू येत नाही.

आमचे ग्रंथपाल साठे सर पुण्याकडचे. पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाला ते एक चिठ्ठी देतात. कॉम्प्युटरवर पुस्तकाचा नंबर काढायचा, रॅक ओळखायचं, आत जाऊन पुस्तक आणायचं, मग सर सही करणार. जायचं मात्र एकट्यानं. मदत घेतली तर सही नाही, सही नाही तर इंटर्नलचे मार्क नाहीत, आणि मार्क नाहीत म्हणजे सेमिस्टर गेलं. बाबांनी गावाहून, सोनाळ्याहून, फोन करून सांगून ठेवलं होतं, "पास झाली तर जेवढं शिकाचं तेवढं शिक. नापास झाली तर सामान घेऊन ये." बाबा एक गोष्ट एकदाच बोलतात.

तर हे असं होतं. ९५४.१२ हे ९५४.२ च्या आधी येतं, हे माझ्या डोक्यात बसायलाच कितीतरी दिवस गेले. आणि तोवर बाकीचे आत जाऊन यायला लागले होते.

*

आत जाण्याआधी गवई काका एक धडा देतात. काका तिथले शिपाई. रॅकमध्ये हात घालण्याआधी लाकडावर टकटक करायचं, कारण उन्हाळ्यात विंचू निघतात.

शबाना नांदुऱ्याची, रोज बसनं येणारी, कोणाला न भिणारी. तिनं आत जाऊन दोनदा टकटक केलं. रॅकच्या पलीकडून दोनदा टकटक आलं. तिनं तीनदा केलं, तिकडून तीनदा. ती शांतपणे पुस्तक काढून बाहेर आली.

"काका," ती म्हणाली, "अंदर कोनी तरी हाय. त्याले पण विंचवाचं भेव वाटते."

काका हसले नाहीत. म्हणून आम्हीही हसलो नाही.

*

पल्लवी देऊळगाव राजाची. तिच्या वाट्याला आलेलं पुस्तक इतकं जुनं, की काही पानं कडेनं जोडलेलीच होती. छापल्यापासून ती कोणी कापलीच नव्हती. सरांना फार आनंद झाला. त्यांनी तिला कागद कापायची सुरी दिली आणि म्हणाले, ही पानं वाचणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

पल्लवीनं हळूच पानं सोडवली. आत कडुलिंबाचा पाला. हिरवागार.

सरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. बंद जागेत रंग टिकतो, असं काहीतरी ते म्हणाले. तेवढ्यात पल्लवीनं त्या पाल्यातलं एक पान तोडून तोंडात टाकलं होतं.

"कडू हाय सर," ती म्हणाली. "आत्ताच तोडल्यावानी."

सरांनी सुरी परत घेतली.

*

वरच्या खणातली पुस्तकं काढायला आत एक स्टूल आहे. ज्याला जे पुस्तक हवं, बरोबर त्याच रॅकखाली स्टूल तयार असतं. आम्हाला वाटलं, मोठ्या लायब्रऱ्यांमध्ये अशीच सोय असते.

एकदा सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, की गवई, तुम्ही विद्यार्थ्यांची किती काळजी घेता, स्टूल नेहमी नेमकं ठेवलेलं असतं.

काकांनी सरांकडे पाहिलं. "मी ठेवत नाही सर," ते म्हणाले. "मले वाटलं तुम्ही ठेवता."

*

हे सगळं ऐकून झाल्यावर माझी पाळी. मी आत गेले, रॅक सापडलं, टकटक केलं. तिकडून काही आलं नाही म्हणून जिवात जीव आला. पुस्तक ओढलं, तर त्या फटीतून पलीकडून दोन डोळे माझ्याकडे बघत होते.

मी ओरडले. भिंतींनीही तो आवाज गिळला नाही. काका म्हणतात, बसस्टँडवर ऐकू गेला.

ती शबाना होती. "तू भिऊ नये म्हनून आली होती बे मी," असं म्हणत तिनं मला हाताला धरून बाहेर आणलं, थेट सरांसमोर. सरांनी माझी चिठ्ठी फाडली. मदत घेतली ती घेतली. शनिवारी दुसरं पुस्तक, तीच शेवटची संधी.

त्या रात्री मी होस्टेलवर बॅग भरायला घेतली होती. सकाळी बसमधून उतरून शबाना आधी माझ्या खोलीवर आली आणि तिनं ती पुन्हा उपसली.

*

शनिवारी दुपारी सरांनी शबानाला आपल्या टेबलासमोर खुर्चीत बसवलं, आणि मी बाहेर येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही असं बजावलं. तिनं ओठ मिटून मान हलवली.

माझं पुस्तक अगदी शेवटच्या रॅकमध्ये होतं. मी खण मोजले, नंबर लावले. माझ्या आधीचा नंबर होता, नंतरचा होता. मधलाच नव्हता. पुन्हा पाहिलं. वरचा खण, त्याखालचा खण. कितीतरी पुस्तकांची लेबलं किड्यांनी खाल्लेली. नंबर डोळ्यांपुढे पुसट व्हायला लागले. मला बॅगेची चेन दिसत होती, बाबा दिसत होते.

तेव्हा रॅकमागून कोणीतरी कुजबुजलं.

"खालच्या खनात पाह्य. मांगं आडवं पडलं हाय."

कुजबुजताना सगळ्यांचे आवाज सारखेच होतात. पण असं वेडं धाडस दुसरं कोण करणार? मला रडू आलं आणि रागही आला. ही बाई ह्या वेळेस माझं वर्ष घालवणार.

"जाय ना बे इथून," मी दातओठ खात म्हटलं. "सर पाहतील."

मी खाली बसले, हात घातला. पुस्तकांच्या मागे, आडवं पडलेलं, माझंच पुस्तक.

ते छातीशी धरून मी शबानाला आधी बाहेर पिटाळायला रॅकच्या पलीकडे निघाले. पलीकडे काही नव्हतंच. शेवटचं रॅक भिंतीला स्क्रूनं पक्कं केलेलं आहे. मध्ये बोट जाईल एवढीही जागा नाही.

मी पळाले नाही. चालत बाहेर आले, कशी ते माहीत नाही. शबाना खुर्चीतच होती. हाताची घडी, ओठ मिटलेले. काका बाहेर पाणी भरायला गेले होते. सरांनी पुस्तक घेतलं, नंबर ताडून पाहिला, पेनाचं टोपण काढलं आणि मान खाली घालून विचारलं,

"आत एकट्याच होतात ना?"

हो म्हटलं तर खोटं. नाही म्हटलं तर सोनाळा. मी शबानाकडे पाहिलं, ती माझ्याकडे पाहत होती. माझ्या पाठीमागे लोखंडी दार उघडंच राहिलं होतं.

सरांचं पेन कागदावर चाललं. सही झाली.

"'हाव' काय?" मान वर न करता सर म्हणाले. "'हो' म्हणायचं. एम.ए.ला आहात तुम्ही."

मी अजून तोंड उघडलेलं नव्हतं.