शपथ नको म्हणणाऱ्या ताई

मोहिनीताई गेल्याचं सुमनने, माझ्या बायकोने, फोनवर सांगितलं. पहिली पाळी सुटायला अर्धा तास होता. मी 'बरं' म्हणालो आणि पुन्हा मशीनकडे वळलो. बरं! माणूस गेल्यावर कोणी बरं म्हणतं का? पण तोंडातून दुसरं काही निघालंच नाही... आता दीड महिना झाला, तरी ती दुपार नीट आठवत नाही, सगळं पाण्याखाली घडल्यासारखं वाटतं.

शहाण्णव साली मी सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होतो आणि अट्टल दारुडा होतो. सुमन सात वर्षांच्या पिंकीला घेऊन इगतपुरीला माहेरी निघून गेली. दारू सुटल्याशिवाय इकडे फिरकू नका, असा सासऱ्यांचा निरोप आला. पिंकीशिवाय ते घर मला खायला उठायचं. शेवटी आमच्या साहेबांनी द्वारका चौकाजवळच्या एका समुपदेशन केंद्रात पाठवलं. केंद्र कसलं, जिना चढून गेलं की एकच खोली! पडद्यातून गाळून आलेलं पिवळं ऊन, चौकातल्या ट्रकांचे हॉर्न लांबून कुठूनतरी ऐकू यायचे, आणि समोर सुती साडीतल्या मोहिनीताई, अजिबात घाईत नसलेल्या. तिथे बसलं की डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखं व्हायचं.

मी तयारीनेच गेलो होतो. बसल्या बसल्या म्हणालो, "ताई, देवीपुढे नारळ ठेवून शपथ घेतो. उद्यापासून थेंब नाही."

"याआधी किती वेळा घेतलीत?"

"असेल... सात-आठ वेळा."

"मग त्या देवीला आणखी कशाला दमवता?" त्या हसल्या. "मला सांगा, दारूत तुम्हाला आवडतं काय?"

मी चाटच पडलो. आजवर सगळ्यांनी मला दारूचे तोटे ऐकवले होते, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातसुद्धा आला नव्हता. मी सांगत सुटलो. मित्र, हसणं, दिवसभराची कटकट विसरणं. त्या मध्येच माझंच वाक्य हळू आवाजात परत म्हणायच्या आणि गप्प बसायच्या. मग त्यांनी विचारलं, "सोडावीशी किती वाटते? दहापैकी?"

लाज वाटली, पण खरं बोललो, "तीन."

"तीन! शून्य का नाही हो?"

आता ओरडतील म्हणून मी मान खाली घातली होती. आणि माझ्याच तोंडून आलं, "पोरगी माझ्या लुनाचा आवाज ऐकायची. गाडी स्टँडला लावायला मला किती वेळ लागतो, त्यावरून ठरवायची, पुढे यायचं की आत पळायचं." हे मला ठाऊक होतं हेच मला ठाऊक नव्हतं. मी ढसाढसा रडलो. ताईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. उपदेशाचा एक शब्द नाही!

दोन महिने कोरडा राहिलो आणि पोळ्याला पुन्हा प्यायलो. ताईंकडे शिव्या खायलाच गेलो होतो. त्यांनी विचारलं, "दोन महिने कसे काय जमवलंत?" मला रागच आला. तुम्हीच सुमनला फोन करून माझी हमी द्या, असा मी हट्ट धरला. "हमी तुमची, ती मी कशी देऊ?" म्हणाल्या. तणतणत बाहेर पडलो. आठ दिवसांनी परत गेलो, जाणार कुठे? पुढच्या वर्षी होळीच्या आधी इगतपुरीला मी एकटाच गेलो. सासऱ्यांपुढे कसलंही वचन दिलं नाही, फक्त प्यायलो नव्हतो त्या दिवसांबद्दल बोललो. मायलेकी माझ्याबरोबर परत आल्या.

आता एक गोष्ट राहिली. लिहू की नको, असं चाललंय... बातमी कळली त्या दुपारी पाळी सुटल्यावर मी घरी गेलो नाही. अकरा वर्षांनी बारच्या दारात उभा होतो. आतून कोणीतरी "या ना शेठ" म्हणालं. कसे कोण जाणे, पाय तिथून निघाले आणि ताईंच्या जिन्याशी येऊन थांबले. वर कुलूप होतं. मी पायरीवरच बसलो. खालच्या दुकानातला शिंपी बाहेर आला. "काका, वर कोणी नाही. ताई वारल्या."

"माहीत आहे," म्हटलं, "जरा बसतो."

त्याने चहा मागवला. बराच वेळ बसून राहिलो आणि मग उठून घरी गेलो.

ताई, प्यायलो नाही. तुम्हाला एवढंच सांगायला आलो होतो.