मन्याचा फ्लेक्स मी का छापला नाही

मन्या गेला, हे सांगणाऱ्या प्रत्येक माणसावर मी संशय घेतला.

आज लिहितोय, कारण त्यातला एक संशय संपला. बाकीचे आहेत.

मन्या म्हणजे इमॅन्युएल. घानाचा. कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल टीम असतात; आमच्या पेठेतल्या तालमीकडून तो एक सीझन फॉरवर्ड खेळला. एवढं लांब नाव गॅलरीतून ओरडता येत नाही, म्हणून पेठेनं पहिल्याच मॅचला त्याचा मन्या करून टाकला.

ज्यानं त्याला कोल्हापुरात आणलं, त्याला सगळे ‘मॅनेजर’ म्हणायचे. रजिस्ट्रेशनला लागतो म्हणून मॅनेजरनं त्याचा पासपोर्ट घेतला. सीझन संपला आणि मॅनेजरचा फोन बंद झाला. मग व्हिसाची मुदतही संपली.

बाकीचे परदेशी खेळाडू आपापल्या देशात गेले. मन्या तालमीमागच्या खोलीत राहिला.

कागद नाहीत म्हणून पुढच्या वर्षी टीममध्ये नाव नाही. गॅरेजवर गाड्या धुवायचा. पोलिसांकडे जाऊ म्हटलं की घाबरायचा. गेल्या गेल्या आत टाकतील, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. कुणी भरवलं, हेही मला कळलेलं नाही.

ज्या पेठेनं त्याला खांद्यावर नाचवलं, तीच विचारायला लागली, "ह्यो अजून हितं काय करतोय?"

मी तालमीसमोरच्या फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहे. दुपारी लाइट गेली की तो येऊन बसायचा. मला ‘पावणं’ म्हणायचा. कोल्हापुरात उतरल्यावर लोकांनी त्याला मारलेली ही पहिली हाक. मग त्यानंही सगळ्यांना तीच सुरू केली.

एक दिवस म्हणाला, दुसऱ्या देशात जायचा विचार चाललाय.

पुण्यात याओ म्हणून आयव्हरी कोस्टचा एक मुलगा होता. तोही असाच कागदाविना अडकलेला. दोघांना एक नवा माणूस मिळाला होता. आधी नेपाळ, तिथं दुसरे कागद, तिथून पुढे असा देश, जिथं काम मिळतं आणि राहूही देतात.

"कुठला देश?"

"नेपाळला गेल्यावर सांगणार."

"माणूस बघितलायस?"

"फोनवर."

"डीपीला फोटो कुणाचा?"

"घोड्याचा."

मी म्हटलं, "मन्या, जाऊ नको. हा पण मॅनेजरच."

तो हसला. त्याच्या हिंदी-इंग्लिश-कोल्हापुरीत म्हणाला, "पावणं, तू सगळ्यांवर डाऊट घेतो. व्हेरी गुड. आता एक जागा सांग, जिथं मी राहू शकतो."



तो याओबरोबर नेपाळला गेला.

मग याओचा फोन आला. नेपाळच्या एका घाटात जीप उलटली. मन्या जागेवरच संपला. बाकीचे पळाले. थांबले असते तर सगळे पकडले गेले असते.

माझा विश्वास बसला नाही. आता हा पैसे मागेल, म्हणून वाट बघितली. त्यानं मागितले नाहीत. मागितले असते तर बरं झालं असतं. फसवणूक आहे म्हणून फोन ठेवला असता.

त्याच संध्याकाळी बातमी ऐकून तालमीचे सेक्रेटरी बापूदादा दुकानात आले.

"सुश्या, मन्याचा मोठा फ्लेक्स काढ. वर साहेबांचा फोटो, खाली आपली कमिटी."

"दादा, खात्री नाही अजून."

"आरं, मेलेल्या माणसाची कसली खात्री करतोयस?"

"जित्या माणसाची तरी कुठं केली? मॅनेजरला तालमीत कुणी आणलं, सांगा की."

दादांनी चहाचा कप अर्धाच ठेवला. "लई शाना झालायस. दुसरीकडनं छापून आणतो."

अजून आणलेला नाही. पण एवढी घाई कशाला होती? चौकात फ्लेक्स लागला की विषय मिटतो. मग पासपोर्टचं कुणी विचारत नाही.

इकडे मन्याच्या बहिणीचे, ग्रेसचे, मेसेज सुरू झाले. याओनंच तिला कळवलं होतं, पण तिचाही विश्वास बसत नव्हता. रोज एकच ओळ. इज इट ट्रू?

मी लिहायचो, माहीत नाही.

नावात एक काना चुकला तरी लोक भांडायला येतात, म्हणून प्रत्येक नाव दोनदा विचारून छापणारा माणूस मी. एखादीला तुझा भाऊ गेला, हे असंच कसं लिहू?

काल याओचा परत फोन आला. मी एकेक करून सगळं विचारलं. अंगात काय होतं? जीपमध्ये कुठल्या बाजूला बसला होता? गुडघ्यावरची खूण कुठल्या पायाला? शेवटचं काय खाल्लं?

त्यानं सगळं सांगितलं. एकदाही चिडला नाही. मला त्याचाच संशय आला.

विचारलं, "तुला राग कसा येत नाही?"

तो म्हणाला, "इमॅन्युएलनं सांगून ठेवलं होतं. मला काही झालं तर फ्लेक्सवाल्याला फोन कर. तो ऐकणार नाही, खूप प्रश्न विचारेल. सगळ्यांची उत्तरं दे. माझ्याबद्दल एवढं विचारणारा तो एकटाच आहे."

मग म्हणाला, "झालं, पावणं?"

हा मुलगा कधी कोल्हापुरात आलेला नाही.

ही हाक त्याला मन्याशिवाय कोण शिकवणार?

एवढंच म्हटलं, तू तरी पुढं जाऊ नको, तुझ्या देशाच्या वकिलातीत जा, घरी जा. तो म्हणाला, विचार करतो. घोड्याच्या डीपीवाल्याचा फोन त्यालाही रोज येतोय.

आज सकाळी ग्रेसला ‘येस’ लिहिलं. तिनं वाचलं. उत्तर आलेलं नाही.

फ्लेक्स मी छापणार नाही. ही पोस्टच समजा. वर कुठल्या साहेबाचा फोटो नाही.

बापूदादा, तुम्ही हे वाचणार, मला माहीत आहे. मन्याचा पासपोर्ट कुठे आहे? त्याच्या आईला पाठवायचा आहे. मी रोज विचारणार.

मन्या, तुझी खोली झाडून ठेवली आहे. तुझे खेळायचे बूट खिळ्यालाच आहेत.

रामराम, पावणं.