आज पाळी कुणाची?

फागीचं नाव निघालं की माझं डोकं अजून सणकतं. तिच्यावर नाही, तिच्यावर रागवण्यासारखं काही नव्हतंच. सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावरची ही विधवा बाई. थोडा भात, थोडी नागली आणि घरात सासरा, सुकऱ्याबाबा. बाबांना विसरायचा आजार जडला होता. जेवून उठले की जेवायला मागायचे, मेलेल्या बायकोला हाका मारायचे, आणि जरा नजर चुकली की काठी घेऊन रानात चालू लागायचे.

साल दोन हजार सहा. मी जव्हारला राहून ठाण्याच्या एका संस्थेचं काम करायचे. संस्था अशाच म्हाताऱ्यांसाठी. फागीला पहिल्यांदा भेटले तेव्हा विचारलं, तुला काय हवंय? ती म्हणाली, "दिवाळीनंतर मला वीटभट्टीवर जायचं हाय, ताई. पावसात सगळं घर गळतं. कौलं घ्यायची हायेत. तेवढे दिवस बाबाला कुणी बघंल का?"

बस, एवढंच मागणं. आमच्या संस्थेनं काय केलं? ठाण्यात गाण्यांचा कार्यक्रम केला, देणग्या जमवल्या आणि मोखाड्याला म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळायचं केंद्र काढलं. रंगवलेल्या भिंती, नव्या खुर्च्या. आता या पाड्यावरून म्हाताऱ्याला रोज जीपमध्ये कोंबून मोखाड्याला न्यायचं कुणी? सांगून सांगून माझं तोंड दुखलं. आमच्या प्रमुख हर्षदाताई म्हणायच्या, "रंजना, आधी सुरुवात तर होऊ दे." झाली सुरुवात. खुर्च्यांवर धूळ बसली.

शेवटी मी पाड्यावरच बैठक घेतली. तिथे गुरं राखायची पाळी असते. आज एका घरानं सगळ्या पाड्याची गुरं रानात न्यायची, उद्या दुसऱ्या घरानं. फागीची शेजारीण रामी म्हणाली, "ज्याची पाळी त्यानं बाबालाबी न्यायचं. जन्मभर गुरंच राखली त्यानं." सगळ्यांनी माना हलवल्या. आणि खरंच जमलं हो. पावसाळाभर बाबा डोक्यावर इरलं घेऊन गुरांमागे जायचे आणि संध्याकाळी दमून गुपचूप झोपायचे. सकाळी उठले की एकच प्रश्न, "आज पाळी कुणाची?"

मी ठाण्याला कळवलं, हेच आपले स्वयंसेवक, यांना पावसाळी बूट द्या, चहासाखर द्या. हर्षदाताईंना ते रुचलं नाही. गुरांबरोबर माणूस हिंडवता, मी देणगीदारांना दाखवू काय? बूट आलेच नाहीत. छातीवर संस्थेचं नाव छापलेले टी-शर्ट आले, तेही सगळे एकाच मापाचे. पाड्यावरच्या बाबल्यानं आपला टी-शर्ट शेतातल्या बुजगावण्याला घातला.

भात झोडून झाला, नागली घरात आली. भट्टीचा ट्रक आला तसं फागीनं बोचकं बांधलं. रामीला म्हणाली, "रातीचं तुझ्याकडं, दिवसाचं पाळीवाल्याकडं." आणि मला म्हणाली, "होळीला येते ताई, कौलं घेऊनच." तिला एवढं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आता ऐका. शेतं रिकामी झाली की तिथे गुरं मोकळी सोडतात. नासवायला पीकच उरत नाही, मग राखायचं कशाला? दरवर्षीची रीत. त्या वर्षीही सोडली. गुरांची पाळी थांबली, तशी बाबांचीही थांबली, आणि हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाबांनी सकाळी विचारलं, तर कुणीतरी सांगितलं, आज कुणाचीच नाय. बाबांनी काठी घेतली आणि एकटेच गुरांमागे निघाले.

संध्याकाळी गुरं आपली आपण परत आली. बाबा दुसऱ्या दिवशी ओहोळातल्या दगडांत सापडले. जिवंत होते, पण मांडीचं हाड मोडलं होतं.

मी पाड्यावर जाऊन तोंडाला येईल ते बोलले. रामी रडत होती, पण तीही तेच म्हणाली, "गुरं सोडलेली ना, ताई. पाळीच नव्हती." खोटं कुणीच बोलत नव्हतं, त्याचाच जास्त वैताग आला. मी धरू कुणाला? हर्षदाताईंनी फोनवर विचारलं, त्यांना केंद्रात का आणलं नाही? मी फोन आपटला.

फागीला निरोप गेला आणि भट्टीचं काम अर्धवट टाकून ती आली. कौलांचं नावच नको. मी म्हटलं, या लोकांना चार शब्द सुनाव तरी. ती चुलीत फुंकर घालत राहिली. "कुणाला बोलू, ताई? मलाबी कुठं सुचलं?"

तेवढ्यात बाबांना जाग आली. पडल्या पडल्या त्यांनी काठीसाठी हात चाचपला. "आज पाळी कुणाची?"

"माझी," फागी म्हणाली. "नीज तू, बाबा. उद्याबी माझीच हाय."