न मारलेली हाक

आमच्या गल्लीतले टेलरमास्तर म्हणजे बोलण्यात कात्रीला हार न जाणारे. एकदा माझा पायजमा वीतभर आखूड झाला. "मास्तर, उरलेला कुठंय?" तर म्हणाले, "पुढच्या वर्षी ये, तोवर तू आटशील." असा माणूस!

वहिनी गेल्या आणि मास्तरांचं तोंड शिवल्यासारखं झालं. मागे राहिली गुंडी. पांढरीशुभ्र कुत्री, पाठीवर बटणासारखा एकच काळा ठिपका, म्हणून वहिनींनीच ठेवलेलं नाव. दिवसभर मशीनच्या पायपट्टीला पाठ लावून झोपायची आणि झोपेत तिचे पाय उडायचे.

"बघ, निघाली आमच्या हिला भेटायला," मास्तर म्हणायचे. तेवढ्यापुरते हसायचे.

एक दिवस मात्र पाय उडता उडता तिचं अंग लाकडासारखं झालं, लाळेनं फरशी भिजली. थोड्या वेळानं सावरली, पण मी दोघांनाही ओढतच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"झोपेत पाय हलले, मिश्या थरथरल्या, तर ते स्वप्न," बाई म्हणाल्या. "हात लावू नका, लांबून हाक मारा. जागी झाली तर काळजी नको. हाकेला उठली नाही, डोळे उघडे, अंग ताठ, तर ती फिट. लगेच आणा, इलाज आहे. पण हाक मारायचीच, काका."

मास्तरांनी मान डोलावली. हाक मात्र मारली नाही. मी मारायला तोंड उघडलं, तर मोजायची टेप माझ्या तोंडावर धरली. "गप रे! आत्ता कुठं निघाली असेल. अर्ध्या वाटेवरनं परत बोलावू?"



मग एका दुपारी मी दुकानात शिरलो, तर मास्तर मशीन थांबवून ओठावर बोट ठेवून बसलेले. खडखडाटानं गुंडीची झोप मोडू नये म्हणून! चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी सुख. मी वाकून पाहिलं.

"मास्तर, तिचे डोळे उघडे आहेत!"

तेव्हा त्यांनी हाक मारली. आधी "गुंडी", मग वहिनी म्हणायच्या तसं "गुंडाबाई, चल गं". ती उठली नाही. अर्धवट शिवलेल्या कोटात गुंडाळून आम्ही पळालो.

"किती वेळ चाललं होतं?" बाईंनी विचारलं.

"एक बाही बसवून होईल एवढा," मास्तर म्हणाले. बाईंनी खूप खटपट केली. मग हळूच कोट परत तिच्यावर ओढला.

महिन्याभरानं गेलो, तर मास्तर मशीनवर डोकं टेकून झोपलेले. सुईखाली कापड नाही, पण पाय पायपट्टीवर हलतोय. दारातूनच हाक मारली, "मास्तर!"

ते दचकून उठले.

"एका हाकेत उठलो ना रे मी?"

"उठलात की."

"तीही उठली असती," ते म्हणाले. "रोज उठली असती. नाही उठली, तर त्याच क्षणी कळलं असतं."

आणि वाकून पायपट्टीजवळची फरशी हातानं पुसत बसले.