एकशे सदतिसावं संयुग

आमच्याकडे आले, की बसण्याआधी शेजारचे काका शर्टाची बाही नाकाशी न्यायचे आणि विचारायचे, "येतोय का रे?"

मी "नाही" म्हणायचो. तरी ते खिडकीजवळच्या खुर्चीत, सगळ्यांपासून लांब बसायचे.

वास यायचाच. माजिवड्याच्या एका औषध कंपनीत ते संशोधक होते. क्षयाच्या जंतूंना मारतील अशी गंधकाची संयुगं बनवायचे. रेणूत एका जागी थोडा बदल करायचा, जंतूंवर तपासायचं, जंतू मेले तर उंदरांवर. त्या संयुगांचा वास थेट सिलिंडरच्या गॅससारखा. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगचा जिना ते चढू लागले, की तळमजल्यावरच्या काकू आधी रेग्युलेटर बघायच्या आणि मग म्हणायच्या, "नाही, हे आलेत." लग्नाच्या जेवणातही त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. तुम्हीही सरकून बसला असतात. खोटं बोलू नका.

एकशे सदतिसाव्या संयुगाने उंदीर जगले. त्या संध्याकाळी पेढे घेऊन ते आमच्याकडे आले, कारण घरी द्यायला कोणी नव्हतं.

"आता यकृत," म्हणाले. "तीन महिने रोज द्यायचं, मग उंदराचं यकृत कापून बघायचं. ते शाबूत असलं तर पुढे."

ते बघण्याआधीच कंपनीने विभाग बंद केला. क्षय गरिबांना होतो, त्यात कमाई नाही. साहेब हे असं बोलले नाहीत, मी लिहिलं. मी एका कामगार संघटनेत होतो, तिची पत्रकं मीच लिहायचो. मथळा दिला : 'क्षयावरचं औषध कंपनीने दाबलं.'

त्यांनी मसुदा वाचला. "औषध नको लिहू. संयुग लिही. यकृत कुठे बघितलंय अजून?"

"काका, संयुग वाचून मोर्चाला कुत्रंही येणार नाही."

"मग कमी लोक येतील."

मी औषधच छापलं. वर शंभर प्रती त्यांनाच वाटायला दिल्या.

ते पत्रक घेऊन खाडीकाठची एक कोळीण आमच्या ऑफिसात आली. तिच्या मुलाला क्षयाच्या नेहमीच्या गोळ्या लागू पडेनात. "ह्ये औषद कुठं मिलंल, दादा?" मी ऐटीत काकांचा पत्ता लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी काकांनी बोलावलं. ओरडतील असं वाटलं होतं.

"थोडं तरी द्या म्हणत होती. बाटली लॅबमध्ये आहे, किल्ली अजून माझ्याकडे आहे. नाही दिलं. तासभर बसली रे. माझ्या शेजारी. मी विचारलं, वास येतोय का? तर म्हणते, आमचे आंगाला म्हावऱ्याचा, तुमचे आंगाला यो."

हसले.

मी माफी मागितली नाही. कंपनीवर दुसरं पत्रक काढू म्हणालो. त्या मुलाचं पुढे काय झालं, ते विचारायलाही खाडीवर गेलो नाही.

महिन्याभरात ते खोली सोडून गेले. कुठे, ते कोणाला सांगितलं नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

माझ्यासाठी काकूंकडे एक गठ्ठा ठेवला होता. माझीच पत्रकं, शंभरच्या शंभर. प्रत्येकावर 'औषध' खोडून वर शाईने 'संयुग' लिहिलेलं, शेवटच्या प्रतीपर्यंत त्याच नेटक्या अक्षरात.

वासामुळे काकूंनी तो गठ्ठा बाल्कनीत टाकलेला. मी वर आणून टेबलावर ठेवला. खिडकी उघडी होती. ती लावून घेतली.