कुंडातल्या माना

स्टेइनुनला खरा कंटाळा आला होता तो मान डोलावण्याचा.

उत्तरेकडच्या त्या बंदरगावात म्हातारी मंडळी रोज सकाळी पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसत. गावचा सगळा कारभार तिथूनच चाले. कुणी बोट विकली, कुणाची सून रुसून राजधानीत, रेक्याविकला गेली, सरकार कसं गाढव आहे, सगळं. नवरा गेल्यापासून स्टेइनुनने कुंड चुकवलं नव्हतं. घरी बोलायला भिंती होत्या, इथे निदान माणसं होती.

पण ती काय बोलतात ते तिला अलीकडे ऐकूच येत नसे. मासळी गोठवायच्या कारखान्यात उभं आयुष्य गेलं आणि तिथल्या यंत्रांनी कान खाल्ले. कानात घालायचं मशीन होतं, पण ते पाण्यात चालत नाही. ते कपाटात ठेवायचं आणि बहिरं होऊन कुंडात उतरायचं. मग इतरांचे चेहरे बघून हसायचं, चेहरे बघूनच हळहळायचं. हे नाटक करून घरी आली की बाई जेवायच्या आधीच आडवी व्हायची.

त्यात दवाखान्यातल्या आर्नडिस नर्सने तिच्यापुढे पाढाच वाचला. "रक्तदाब आहे, साखर आहे, पूर्वी सिगारेटी ओढल्यात, शाळा लवकर सोडलीत, एकट्या राहता, आणि वर हे कान. विस्मरणाच्या आजाराला वाट करून देणाऱ्या गोष्टी आहेत या, स्टेइनुन."

"म्हणजे माझं डोकं जाणार?"

"तसं नाही हो. धोका वाढतो, एवढंच. आणि यात तुम्ही एकट्याच नाही. यातलं काहीच नाही असा एक म्हातारा या गावात दाखवा, त्याला मी स्वतः केक करून खाऊ घालते. पण कानांचं मनावर घ्या. मशीन लावून ठेवा, आणि माणसांत राहा."

नर्सबाईंचं काय जातंय सांगायला! माणसांत राहायचं तर कुंडात जायला हवं, आणि कुंडात जायचं तर मशीन काढायला हवं. स्टेइनुनने तिथेही मान डोलावली.

जानेवारीत एके सकाळी बाहेर कडाक्याची थंडी होती आणि कुंडावर वाफ दाटली होती. हॅल्बेरा काहीतरी सांगत होती. कारखान्यात या दोघी वर्षानुवर्षं शेजारी उभ्या राहून कॉड मासे सोलायच्या. वाफेतून स्टेइनुनला हॅल्बेराचे दात तेवढे दिसले. हसतेय वाटतं, असं समजून ती मनापासून, मोठ्यांदा हसली. वाफ जरा सरली तेव्हा हॅल्बेराचा चेहरा दिसला. ती रडत होती. ती उठून गेली.

स्टेइनुन दोन दिवस घरात बसून राहिली. लाजेने तिचा जीव अर्धा झाला होता. तिसऱ्या दिवशी मशीन लावून ती दुकानात गेली, तर पावाच्या फळीमागून थोरगिल्सचा आवाज आला. हा मासेमारी बोटीवरचा जुना तांडेल, कुंडातलाच. बायकोला सांगत होता, "हॅल्बेराचं तोंड एवढंसं झालेलं, आणि ही खो खो हसतेय! डोकं चाललं गं हिचं. बिचारी."

ते 'बिचारी' तिला चांगलंच लागलं. आता घरी बसलं तर गाव तिला वेडी ठरवून मोकळं होणार होतं, आणि गेलं तर बहिरेपण कबूल करावं लागणार होतं. रात्रभर कूस बदलून ती दमली आणि सकाळी गेली. हॅल्बेरा कोपऱ्यात बसली होती. स्टेइनुन पाण्यात उतरली आणि जवळजवळ ओरडलीच, "मला इथे काहीएक ऐकू येत नाही! कधीपासूनच नाही! मी नुसती तुमची तोंडं बघून हसते. हॅल्बेरा, माफ कर गं मला!"

थोरगिल्स तिच्या अगदी जवळ सरकला आणि कानामागे हात धरून ओरडला, "काय? जरा मोठ्याने बोल बाई, मलाही येत नाही ऐकू."

"अरे, मग त्या दिवशी ही काय सांगत होती?" स्टेइनुनने त्याच्या कानात विचारलं.

"मला काय ठाऊक? तिचा चेहरा पडलेला, म्हणून मी आपला गप्प."

पलीकडच्या दोघांनीही खांदे उडवले. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

हॅल्बेरा एकेकाकडे बघत राहिली. मग सरकत स्टेइनुनपाशी आली आणि तिच्या कानाला तोंड लावून बोलली. "नाताळापासून रोज सांगतेय मी तुम्हाला. मला वाटायचं, माझं मन राखायला गप्प बसता सगळे. आउस्ग्रिमुर मला ओळखत नाही गं. माझा नवरा मला विचारतो, बाई, तुम्ही कोण?"

"काय म्हणाली?" थोरगिल्सने विचारलं. "काय झालं?"

स्टेइनुनने पाण्याखाली हॅल्बेराचा हात धरला, आणि सगळ्या कुंडाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा ते ओरडून सांगितलं.